गर्दी नसलेला खेळ

पुणे, १४ जुलै २००३

आफ्रीन,

अन् पुन्हा तेच! चार ओळी खो-खो, पाचवीत माही तब्येत, सहावीत पुन्हा खो-खो. मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते वाचलं तरी का, का अम्मीले चूल पेटवाले देऊन टाकलं?

तू म्हणते, 'भाई, मी कॅप्टन आहो.' आहे ना कॅप्टन. बारा पोरींची कॅप्टन. वडश्यात खो-खो, आरमोरीत खो-खो, ब्रह्मपुरीत खो-खो. जिथी थोडीशी रिकामी जागा दिसली तिथी दोन खांब गाडून पोरी पळून राह्यल्या. एवढ्या गर्दीतून तू जिल्ह्याले कवा जाशीन, विभागाले कवा जाशीन? तोवर बारावी होऊन जाईन. डी.एड.च्या फॉर्ममध्ये खेळाडूचा रकाना राहते. त्यात सर्टिफिकेटचा नंबर टाकाव लागते. 'मी बहुत जोरात पळत होती' असं लिहाले जागा नाई राहत.

मी इथी काय पाहून राह्यलो ते आयक. सकाळी पोट्टे शाळेत सोडले की दुपारपासून तेच पोट्टे पुन्हा माह्या व्हॅनमध्ये, फक्त दप्तराच्या जागी दुसरी थैली. कोणी स्केटिंग, कोणी बुद्धिबळ, कोणी कथक. त्यायच्या आया गेटवर उभ्या राहून बोलतात अन् मी सीटवर बसून आयकतो. एक बाई म्हणे, 'तबल्याला फार मुलं झालीत हो, आम्ही याला रायफल शूटिंगला टाकला. पुढं कॉलेजला उपयोग होतो.' पोट्टा मागं बसून रडून राह्यला, त्याले तबलाच पायजे होता. मार्कंड्याच्या जत्रेत लोक पुठ्ठ्याच्या मोटरसायकलवर बसून फोटो काढतात, तसं आहे हे. मोटरसायकल चालते का नाई, कोण विचारते? फोटो भेटला, झालं.

मले हसू नाई आलं. मी शिकून घेतलं. ज्या खेळाले गर्दी नाई तो खेळ धराचा.

म्हणून एस.टी.डी.वरून तुमच्या कॉलेजच्या खेळाच्या सरले, गुणवंतराव सरले, फोन केला. त्यायनं यादी काढून पाह्यली अन् सांगितलं, तलवारबाजी. आपल्या पुऱ्या जिल्ह्यातून एक नाव नाई. जो नाव देईन तो सरळ विभागाले. विभागात दोन-तीन जिल्ह्याच्या पोरी. त्यातली एखादी तापानं पडली तं तू राज्याले. सर खूश झाले. म्हणे, 'वाजिद, तू शाळा सोडली नसती तं वकील झाला असता.'

बड्या लोकायनं आपल्या पोरांसाठी मागच्या बाजूनं खिडकी ठेवली आहे. तं आपुन काऊन समोरच्या लायनीत उभं राह्याचं? आपुनही खिडकीतूनच जाऊ, अन् चपला घालून जाऊ. लाजाचं काही काम नाई. उद्या सरकडे नाव दे. खो-खो सोड, अन् सोडला असं लिही.

— वाजिद


वडसा, २ ऑगस्ट २००३

भाई,

सलाम. तुझं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. मराठीचं हिंदी करत करत वाचलं आणि तू जिथं जिथं ओरडलास तिथं मीही ओरडले. अब्बा म्हणाले, 'वो उधर से चिल्ला रहा, तू इधर से काहे को चिल्लाती?' मग मशीन थांबवली. सध्या नाटक कंपनीचे अंगरखे शिवणं सुरू आहे, सगळ्या घरात जरीचे तुकडे. म्हणाले, 'भाई बोलता है तो कर ले. तलवार होना क्या? कंपनी की पडी है, चांदी का कागज लगी हुई.'

म्हणून सोडला खो-खो. आता कॅप्टन तहसीन. ती पहिल्याच दिवशी माझ्या जागेवर बसली आणि माझ्याकडे बघून हसली. तुला बरं वाटत असेल तर हेही लिहून ठेवते.

आता तुझ्या गर्दी नसलेल्या खेळाची गोष्ट ऐक. सरांनी मला मैदानावर नेलं. नियमांचे झेरॉक्स कागद एका हातात दिले, बांबूची कमची दुसऱ्या हातात. म्हणाले, 'कर सुरू.' मी म्हटलं, 'सर, कोणाशी?' सर कागद उलटसुलट करून बघत राहिले. भाई, जिल्ह्यात हा खेळ कोणीच खेळत नाही म्हणून तू नाचलास. मग मी खेळायचं कोणाशी? कॉलेजच्या भिंतीशी?

शेवटी सरांनी सोमारीला हाक मारली. सोमारी माझ्याच वर्गात आहे. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते, गाव कोरचीच्याही पलीकडे, जंगलात. खो-खोत ती माझ्या शेजारी बसायची. सर म्हणाले, 'हिले घे. ही काही बोलत नाई, चुपचाप मार खाईन.'

मार कोण खातं आहे ते विचारू नको. अम्मी रोज हळद गरम करते आहे. तोंडाला बांधायला अम्मीनं पिठाची जुनी चाळणी दिली, सोमारीनं तिची वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आणली. आम्ही दोघी चाळण्या बांधून उभ्या राहिलो की रस्त्यावरचे सायकलवाले थांबतात. एक म्हातारे परवा विचारत होते, 'मधमाशा उडवाच्या आहे का बाई?'

सोमारी पाय असा टाकते की आवाजच येत नाही. टोक लागलं की ती गोंडीत एक-दोन-तीन मोजते: उंदी, रंड, मूंद. मलाही पाठ झालं आहे, कारण मोजण्याची पाळी बहुतेक तिचीच असते. पण मागच्या आठवड्यात मी एकदा मूंदपर्यंत गेले. ती चाळणी काढून म्हणाली, 'आता खरं खेळून राह्यली तू.'

एक सांगू? मजा येते आहे. हे तुला सांगायचं नव्हतं.

— आफ्रीन


पुणे, २० ऑगस्ट २००३

आफ्रीन,

आता बोलली तू अकलेची गोठ. मजा येऊन राह्यली तं येऊ दे, त्याचे मार्क कटत नाई.

पयले माही खबर. व्हॅन सोडली. मालक म्हणे, गाडीत पोट्ट्यायसंग बोलाचं नाई, त्यायच्या आया तक्रार करतात. मी म्हणलं, माह्या अब्बाची शिलाई मशीन आहे, तोंड शिवून घेऊन येतो, चालन का? तिथंच संपलं. आता एका टेम्पोवर आहो, मार्केटचा भाजीपाला. कांदे बोलले नाई तरी चालते. पत्ता खाली लिहिला आहे, त्यावरच पाठवजो.

आता कामाचं. मी काल सरसंग फोनवर बोललो. जिल्ह्यातून एकच नाव जाते. सर म्हणे, सोमारीचं नाव टाकत नाई. ती सरावापुरती. त्या लोकायले तसंही राखीव जागा आहे, तिले सर्टिफिकेटची काय गरज? मी म्हणलं, बरोबर आहे सर.

तू आता तोंड वाकडं करशीन, मले इथूनच दिसून राह्यलं. पण बेइमानी कुठी आहे यात? तिच्यासाठी एक दरवाजा आहे, तिच्या लोकायचा. तिनं तिथून जावं. आपल्यासाठी कोणी दरवाजा ठेवला नाई, म्हणून आपुन खिडकी शोधली. तिनं तिचा दरवाजाही घ्यावा अन् आपली खिडकीही घ्यावी, असं थोडंच आहे? तिच्याशी दोस्ती कर, डब्बा खाऊ घाल, ईदले घरी बोलाव. पण मैदानावर दोस्ती नाई करायची. त्या रायफलवाल्या पोट्ट्याच्या मायले कोणाची दया आली होती का?

निवड कवा आहे ते लगेच कळव. अब्बाले सांग, चांदीच्या कागदाची तलवार तशीच राहू दे, तू जिंकून आली की तिच्यासंग फोटो काढू.

— वाजिद


वडसा, २८ सप्टेंबर २००३

भाई,

तुझी नंतरची पत्रंही मिळाली. उत्तर मुद्दाम दिलं नाही. दिलं असतं तर तू फोन करून सरांना सावध केलं असतंस. आता जे व्हायचं ते होऊन गेलं, म्हणून सांगते.

सरांनी सोमारीला मैदानावरच, माझ्यासमोर सांगितलं. 'तू फक्त सरावाले. नाव आफ्रीनचं जाईन. तुले तसंही राखीव जागा आहे.' ती 'हो सर' म्हणाली. मीही गप्प बसले. तुझं पत्र दप्तरात होतं आणि त्यात तेच शब्द होते, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. चाळणी बांधली, समोर उभी राहिली. हात खाली, कमचीचं टोक जमिनीकडे. मी म्हटलं, 'उचल ना.'

'तू मार. तुले सराव पायजे ना? मार.'

मी एक टोक लावलं. ती हलली नाही आणि मोजलंही नाही. मी म्हटलं, 'सोमारी, नाटकं नको करू.' तर म्हणाली, 'तुले जिंकालेच पायजे तं मी कायले? खो-खोचा खांब आहे तिथी. त्याले मार.'

आवाजात राग नव्हता. चाळणीआड चेहरा दिसत नव्हता. मी कमची तिथंच टाकली आणि घरी आले. अम्मीनं विचारलं, 'आज हल्दी नको?' मी म्हटलं, आज लागलंच नाही काही.

निवड गडचिरोलीला होती. सरांबरोबर मी आणि अम्मी निघालो. आरमोरीच्या स्टँडवर सोमारी एस.टी.त चढली. वडश्याहून चढली असती तर सरांनी उतरवलं असतं, म्हणून मी तिला 'चल, तिथं खरं खेळू' म्हणून आधीच्या गाडीनं पुढं पाठवलं होतं. सर म्हणाले, 'ही इथी काय करून राह्यली?' मी म्हटलं, 'सर, सराव.' सर खिडकीबाहेर बघत बसले.

तिथं टेबलावर एक मॅडम होत्या. म्हणाल्या, 'एकच मुलगी? मग हिला पुढे चाल. इथं सही कर बाळ.' भाई, पेन माझ्या हातात होतं. एक सही केली असती की तुझी खिडकी उघडी. कोणाशी न खेळता, कोणाला न हरवता मी जिल्ह्यात पहिली.

मी म्हटलं, 'मॅडम, आम्ही दोघी आहोत.'

सर मधे आले. 'तिची प्रवेशिका भरलेली नाही.' मॅडम म्हणाल्या, 'तुम्ही आत्ता भरून सही केलीत तर मी घेते. मला काय, खेळतील दोघी.' सर म्हणाले, 'मी नाई करत. हातातली निवड कोणी सोडते का?'

मग मी पेन टेबलावर ठेवलं. म्हटलं, 'मग माझंही नाव कापा. जिल्ह्यातून कोणीच नको.'

सरांचं तोंड बघायला हवं होतं. त्यांनी पेपरात द्यायची बातमी वडश्याहून निघतानाच लिहून खिशात ठेवली होती, एस.टी.त अम्मीला वाचून दाखवली होती. जिल्ह्याचा तलवारबाजीत प्रथमच सहभाग, मार्गदर्शक गुणवंतराव सर. नावच गेलं नाही तर बातमी कशाची? अम्मी बाकावरून म्हणाली, 'कर दो ना सर, बच्चियाँ हैं, खेलेंगी.' सरांनी सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

खेळलो. मी जीव तोडून खेळले, हे नीट वाच. मी तिला जिंकू दिलं असं तुला वाटेल, अब्बांनाही वाटलं. तसं नाही. तिनं मला साफ हरवलं. शेवटचं टोक खांद्याच्या खाली बसलं, अजून निळं आहे. मग तिनं मोठ्यानं मोजलं. मॅडमनी विचारलं, 'काय म्हणते ही?' मी म्हटलं, 'बरोबर मोजते आहे, लिहा.'

आता माझ्याकडे तलवारही नाही आणि खो-खोही नाही. तहसीनची टीम माझ्याशिवाय खेळून आली. डी.एड.च्या त्या रकान्यात मी रेघ मारणार. तू ओरडशील, ओरड. मला वाईट वाटत नाही, आणि वाटलं तरी तुला सांगणार नाही.

सर म्हणतात, कॉलेजजवळ पैसे नाहीत, सोमारीला घेऊन मी विभागाच्या सामन्याला नागपूरला जाणार नाही. तिथं बांबू चालत नाही. खरी तलवार, जाळीचा मुखवटा, जाड पांढरा कोट भाड्यानं घ्यावा लागतो. वसतिगृहाच्या बाई म्हणतात, सोबत बाईमाणूस असेल तरच सोडीन. अम्मी तयार आहे, मीही जाणार आहे. बाकीचं आम्ही बघू. तुझ्याकडे मागत नाही. 'तसंही' हा शब्द तूही लिहिलास, म्हणून मागत नाही.

— आफ्रीन


पुणे, ६ ऑक्टोबर २००३

आफ्रीन,

डोस्कं फिरलं का तुहं? हातात आलेली निवड! मी इथी भाजीच्या टेम्पोत झोपून राह्यलो, सरसंग गोडगोड बोलून राह्यलो, अन् तू टेबलावर पेन ठेवून देते! कोण समजते तू स्वतःले? खो-खो बी गेला, तलवार बी गेली. आता त्या रायफलवाल्या पोट्ट्यासारखे हजार पोट्टे तुह्यासमोर लायनीत उभे राहीन, सगळ्यायच्या हातात सर्टिफिकेट, अन् तुह्या हातात काय? खांद्यावरचं निळं दाखवशीन का? बारावीत पाच मार्क कमी पडले तं कोणाकडे जाशीन, सोमारीकडे? मले तं असं वाटून राह्यलं की आता वडश्याले पत्रच लिहू नाई. तुमचं तुम्ही पाहा. तुम्ही सगळे मोठे इमानदार अन् मी एकटाच

काल इथपर्यंत लिहून टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवून देलं होतं. फाडून टाकत नाई. जे लिहिलं ते लिहिलं, अन् त्यातलं अर्धं मी आताही म्हणतो.

पण तुह्या शेवटच्या ओळीनं काल दिवसभर मले काही सुचू देलं नाई. एका दुकानात टमाट्याच्या जागी वांग्याचे कॅरेट उतरवून आलो, शिव्या खाल्ल्या.

तुले मी हे कधी सांगितलं नाई. अब्बालेही नाई. नववीत होतो तवा चित्रकलेच्या परीक्षेले पोरांचे नावं घेऊन राह्यले होते. त्या परीक्षेचे पुढं मार्क भेटतात असं सगळे म्हणत. अब्बा नाटकाच्या पडद्याले झालर लावत तवा त्या पडद्यावरचे महाल, झाडं, हत्ती मी घरी कागदावर काढत होतो. तुले आठवत नसन, तू लहान होती. वर्गात मी हात वर केला. मास्तरनं यादीतून डोळे वर नाई केले. म्हणे, 'हात खाली घे. गफ्फार टेलरच्या पोराले तसंही मशीनवरच बसाचं आहे.' सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मार्कंड्याच्या जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या मोटरसायकलवर बसून हसतात तसा.

मंग मी शाळेत गेलो नाई अन् मशीनवरही बसलो नाई. त्याच्या म्हणण्यासारखं होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून घरातूनच निघून गेलो. तेव्हापासून फिरून राह्यलो. सूरत झालं, भिवंडी झालं, आता हे. जिथी कोणी 'तुले काय, तुह्या लोकायचं असंच राहते' म्हणलं, तिथून उठलो.

अन् मी त्या सरले फोनवर म्हणलं, बरोबर आहे सर.

माफी-बिफी मागून नाई राह्यलो. मले ती जमत नाई, अन् तुले ती आयकाची सवयही नाई. आज दुपारी गुणवंतराव सरले पुन्हा फोन केला. म्हणे, 'वाजिद, तुह्या बहिणीनं सगळा खेळ बिघडवला.' मी म्हणलं, 'सर, खेळ आत्ताच सुरू झाला, याच्या अगोदर तं तुम्ही नुसती बातमी लिहिली होती.' म्हणे, 'तू कोणाच्या बाजूनं आहे?' मी म्हणलं, 'नागपूरले पोरगी जाईन त्या बाजूनं.' त्यायनं फोन ठेवला. ठेवू दे. कॉलेजच्या कागदावर त्यायची सही झाली आहे, आता ती मागं घेता येत नाई, मी इथी तलवारबाजीच्या एका क्लासच्या सरले विचारून आलो. तेच सर म्हणे, तलवार हातात घेऊन एक-दोन दिवस तरी खेळली पायजे, बांबूपेक्षा वजन वेगळं राहते. म्हणून तुम्ही तिघी सामन्याच्या दोन दिवस अगोदर निघा. नागपुरात राह्याले अम्मीची मावसबहीण मोमिनपुऱ्यात आहे, तिले मी निरोप देला आहे. तिच्या घरी आंगण नाई, गच्ची आहे. गच्चीवर खेळा. या वक्ताले सोमारीसमोर खऱ्या तलवारीनं तूच उभी राह्यजो. दुसऱ्या कोणाले तिचा पाय समजत नाई.

अन् तुहं काय? मी अजूनही म्हणतो की गर्दी नसलेला खेळच बरा. पुढच्या साली दोघी नाव द्या, अन् पुन्हा एकमेकीले हाणा. तू हरली तं हरली. बारावीचे मार्क तुह्या हातात आहे, तिथी कोणाच्या सहीचं काम नाई. खो-खोत परत जायाचं असन तं जा, तहसीनले माह्याकडून सांग, जागा गरम करून ठेवल्याबद्दल मेहरबानी.

तू पैसे काऊन मागितले नाई ते मले समजलं. म्हणून तुह्या नावानं पाठवून नाई राह्यलो, अब्बाच्याही नाई. मनीऑर्डर वसतिगृहाच्या पत्त्यावर सोमारीच्या नावानं केली आहे. तलवार तिच्या हातात राहणार, तं भाडंही तिच्या हातानंच जाऊ दे. पोस्टमन आला की तिची सही तिनंच कराची, कोणी तिच्यासाठी करू नाई. तिनं नाई घेतली तं परत येईन, मी पुन्हा पाठवीन, अन् परत आली तं पुन्हा. तिले सांग, हे आफ्रीनच्या भावाचे उपकार नाई, नागपूरचा खर्च आहे.

बाराशे रुपये.